पोरगी कधीपासून अशी आहे

माझा जन्म देगलूरकडचा. साल विचारू नका, आईला एवढंच ठाऊक होतं की त्या साली घराची मागची भिंत पडली आन् मी झालो, आन् दोन्हींतलं जास्त नुकसान कशानं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तर म्हणले ह्यांच्यात शिक्षण उतरत नाही, ह्यांच्यात म्हणजे माझ्या एकट्यात नाही, आमच्या सगळ्या आळीत, आन् बापानं ते ऐकून घेतलं, कारण मास्तर खुर्चीवर होते आन् बाप दाराबाहेर उभा होता. हे आधीच सांगून ठेवतो ताई, कारण पुढं मी जे वागलो त्यात ह्याचा थोडा हात आहे. सगळा नाही. थोडा.

हैदराबादला आलो मामाच्या मागं. मामा पाण्याच्या खात्यात खड्डे खणायला होता, मलाही लावलं, मंग बऱ्याच वर्षांनी कायम झालो आन् वालवर आलो. वाल म्हणजे रस्त्याखाली लोखंडी झाकण असतं ते उचलायचं, माणसाएवढी लांब चावी आत सोडायची आन् फिरवायची, की त्या गल्लीला पाणी सुटतं. नल्लकुंट्यातल्या निम्म्या गल्ल्यांना मी पाणी पाजलंय. लोकांना माझं नाव माहीत नव्हतं, पानीवाले चाचा म्हणायचे, आन् पाणी उशिरा आलं की त्याच तोंडानं शिव्या द्यायचे. मी पण द्यायचो. एक बाई रोज म्हणायची, चाचा, सगळं पाणी तुमच्या घरी नेता काय, तर मी म्हणलं हौ, नेतो, आन् त्यात तुमच्या नावानं आंघोळ करतो. पुढं तीच बाई माझ्या रिटायरला हार घेऊन आली. माणसं अशीच असतात.

आमची म्हातारी बिलोलीकडची. नाव घ्यायची सवय नाही मला, ती होती तव्हा घेतलं नाही तर आता कशाला घेऊ. शाळा तिचीही नाही, पण इथं आल्यावर नारायणगुड्याच्या एका बालवाडीत आया म्हणून लागली ती केस पिकेपर्यंत तिथंच राहिली. कोणाचं नाक पूस, कोणाची चड्डी बदल, कोण रडतंय त्याला कडेवर घे. घरी आल्यावर मला सांगायची, आज एकानं सगळ्यांचे बूट खिडकीतून खाली टाकले. मी म्हणायचो एक ठेवून द्यायची. ती म्हणायची मारून काय होतं, त्याला मी दोरीवर कपडे वाळत घालायला लावलं, तासभर गप होता. मी ऐकायचो आन् सोडून द्यायचो. बायको बोलती तव्हा माणूस किती ऐकतो ते तुम्हाला काय सांगू, तुमच्याही घरी असंलच.

पोरगा एकच, मिलिंद. एसी दुरुस्त करणाऱ्या पोरांना कामं वाटून द्यायची त्याची नोकरी, दिवसभर फोन कानाला. सून सुजाता निजामाबादची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, मला मामा म्हणती, मराठी बोलती पण चिडली की तेलगूत जाती, मंग मला समजून घ्यायचं असलं तरी मी समजून घेत नाही. आन् ह्यांची यशोधरा, आमची यशू, तव्हा सात वर्षांची, दुसरीत. मला ताता म्हणती, इथली पोरं आजोबाला म्हणतात तसं. आई-बाप दोघं सकाळी निघून जायचे, पोरगी म्हातारीच्या हातात वाढली, बालवाडीतही तिच्याबरोबरच जायची. मी घरातच होतो, पण पोरगी सांभाळत होतो असं म्हणणार नाही. पोरगी सांभाळणारीला बघत होतो.

मागच्या वर्षी म्हातारी गेली. ताप आला, पंधरा दिवसांत फुफ्फुसात पाणी झालं, दवाखान्यात नेलं ती घरी आली नाही. जास्त सांगत नाही. मला सगळ्यात कशाचा राग आला सांगू का, घरात कोणी तिचं नावच काढेना. मिलिंद फोन कानाला लावून गच्चीत जायचा, सुजातानं एका रविवारी तिची लुगडी घडी करून पेटीत ठेवली आन् पेटी पलंगाखाली सरकवली, आन् चहा केला. म्हणजे झालं का. चाळीसच्या वर वर्षं एक माणूस ह्या घरात वावरलं आन् पेटी सरकवून झालं. मी कोणाला काही बोललो नाही, बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

एकट्या यशूचं मात्र काहीतरी बिनसलं. शाळेतून रोज काहीतरी यायला लागलं. कंपासपेटी हरवली, दुसरी घेतली, तीही हरवली. वर्गात मधीच उठून खिडकीशी जाती. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. गणिताचं पान अर्धं लिहिती आन् खाली मांजर काढती. एकदा तर मधल्या सुटीत गेटच्या बाहेर निघून गेली, कशाला तर रस्त्यावर एकजण फुगे घेऊन चालला होता, त्याच्या मागं. वॉचमननं धरून आणली. घरी सगळे घाबरले. आन् मी, आता खरं सांगतो, खोटं सांगायला तुम्हाला बसवून घेतलं नाही, मला आतून बरं वाटलं. मला वाटलं हिला आजी पाहिजे. ह्या घरात कोणालातरी म्हातारीवाचून चैन पडत नाही. मी एकटा नाही.

मंग मेडमनं बोलावलं. सुजाता आन् मी गेलो. मेडम तरुण होती, वाईट नव्हती. म्हणली यशोधरा हुशार आहे, तोंडी सगळं सांगती, पण दोन मिनिटं एका जागी नाही, मुद्दाम करती असं मला वाटत नाही, तुम्ही हिची तपासणी करून घ्या, लक्ष लागत नाही, अंगात चळवळ फार, अशा मुलांची तपासणी असती, एडीएचडी म्हणतात. मार्च संपायच्या आत डॉक्टरचा कागद आला तर आम्हाला हिला सवलत देता येईल, वर्गात तशी सोय करता येईल. कागद नसला तर वरचे लोक म्हणतील हिला ह्याच वर्गात ठेवा, नाहीतर दुसरी शाळा बघा.

मी तिथंच बोललो. म्हणलं लेकराची आजी मेली आन् तुम्ही कागद मागता का. मेंढरावाणी गप बसणारी पोरं पाहिजेत तुम्हाला. सुजाता म्हणली मामा, जरा हळू. मी म्हणलं हळू कशाला, आम्हाला आधीपण असंच सांगितलं होतं, ह्यांच्यात शिक्षण उतरत नाही म्हणून, तव्हा तोंडी होतं, आता शिक्का मारून पाहिजे. मेडमला काही कळलं नाही, तिला कसं कळणार, ती कुठली, आमचं गाव कुठलं. सुजातानं मला ओढत नेऊन रिक्षात बसवलं. घरी आल्यावर म्हणली मामा, मी रोज लोकांचं रक्त काढती, कोणाला साखर निघाली तर ती माझ्या कागदानं झाली का. तपासल्याशिवाय मी माझ्या पोरीला दुसरीत दोनदा बसू देणार नाही. मिलिंद म्हणाला बघू. तो सगळ्यालाच बघू म्हणतो.

दिलसुखनगरला एका बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर तो दवाखाना. खाली कोचिंग क्लास, जिन्यात इंजिनीर व्हायला आलेल्या पोरांच्या चपलांचा ढीग, त्यातनं वाट काढत वर जायचं. आधी कान तपासून आणा, डोळे तपासून आणा, ते चांगले निघाले. मंग दोन फॉर्म, एक घरच्यांनी भरायचा, एक मेडमनं. त्यात प्रश्न असे, लेकरू खुर्चीत चुळबुळ करतं का, वस्तू हरवतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का, आन् पुढं कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, लई वेळा, त्यावर खूण करायची. सुजातानं खुणा केल्या. मी म्हणलं वाचून दाखव. तिनं वाचलं तर सगळीकडं लई वेळा. मी म्हणलं तू घरी किती वेळ असती ग. तिनं पेनाला टोपण लावलं. ते मी बोलायला नको होतं.

डॉक्टरीण बाईनं यशूला आत घेतलं, घंटाभर. आम्ही घरी पोरीला शिकवून आणलं होतं, म्हणजे मीच शिकवलं होतं, आत गेल्यावर हात मांडीवर ठेव, विचारल्याशिवाय बोलू नको, मोठ्या शाळेत नाव घालायला नेतात तव्हा सांगतात तसं. पोरगी बाहेर आली तर खूश, ताता, आत ठोकळे आहेत, मी सगळे जोडले, मॅडमनं वेळ लावली होती. नवी जागा, समोर एकटी डॉक्टरीण, नवे ठोकळे, कशाला चुळबुळ करती, हे आता कळतं. तव्हा मी सुजाताकडं असं बघितलं की बघ.

मंग बाईनं मला बोलावलं, म्हणली दिवसभर घरी कोण असतं, मी म्हणलं मी. म्हणली दादाजी, ही कधीपासून अशी आहे. आजी जायच्या आधी कशी होती. ते मला फार महत्त्वाचं आहे, नीट आठवून सांगा.

आता बघा, माझ्या सगळ्या नोकरीत मी लोकांना हाच प्रश्न विचारला. पाणी कमी येतंय म्हणून तक्रार आली की पहिलं विचारायचं, कधीपासून. आन् लोक म्हणायचे कालपासून. दोन महिने बारीक धार यायची, पण नळाला चोरून मोटर लावलेली असायची म्हणून बोलायचे नाहीत, सांगताना कालपासून. मंग आम्ही कालचं काय फुटलं ते शोधायचो आन् भलत्याच ठिकाणी रस्ता खणायचो. एवढं माहीत असून मी काय म्हणलो, तर म्हणलो आजी गेली तव्हापासून. आधी लेकरू एकदम शांत. म्हणलं आमच्यात रविवारी विहारात वंदना असती, बाई, तिथं ही आजीजवळ तासभर बसायची, हू की चू नाही. आता बसत नाही. आजी गेली आन् पोरीचं मन मोडलं.

हे मी खोटं म्हणून बोललो नव्हतो, हे ध्यानात घ्या. वंदनेचं तर मला छातीवर हात ठेवून खरं वाटत होतं. बाईनं ते लिहून घेतलं. मला दुसऱ्यांदा विचारलं, तासभर, मी म्हणलं तासभर. मंग तिनं सुजाताला आत घेऊन सांगितलं की घरचं एक म्हणतं, शाळेचं एक म्हणतं, हा आजार असला तर तो लहानपणापासून दिसायला पाहिजे, अचानक येत नाही, जवळचं माणूस गेलं की लेकरं अशीच वागू शकतात. मला घाईनं नाव द्यायचं नाही. तीन महिने तिच्याशी बोलू, खेळवू, मंग परत बघू. सुजाता म्हणली मार्च जाईल. बाई म्हणली अम्मा, चुकीचं नाव द्यायचं का मी. बरोबरच बोलली ती. तिला जे सांगितलं त्यावरनं बरोबरच.

त्यानंतरचे दिवस मला चांगले गेले, हे सांगायला लाज वाटती. मी यशूला शाळेत सोडायला जायचो, रस्त्यानं आजीचंच बोलायचो. म्हणायचो यशू, आजीला वाटायचं तू लई शिकावं. तू वर्गात गप बसलीस की आजीला बरं वाटंल. पोरगी म्हणायची हौ ताता, आन् हात सोडून पुढं पळायची. मी म्हणायचो गप बस, आजीसाठी. रोज गेटाशी तेच म्हणायचो.

एक दिवस अकरा वाजता शाळेचा फोन आला, पोरगी पडली, हनुवटी फुटली. मी धावत गेलो, माझं धावणं ते काय, पण गेलो. ऑफिसात आयानं तिच्या हनुवटीला कापूस धरला होता, फ्रॉकवर रक्त, आन् वेण्या सुटलेल्या. मेडम उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणली हिनं वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या आन् बाकाच्या पायाला आपले दोन्ही पाय बांधून घेतले. मला कळलंच नाही. फळ्यावर लिहायला मी हिचं नाव घेतलं, ही उठायला गेली आन् तोंडावर पडली. मी यशूला विचारलं काय ग, असं कशाला केलं. ती म्हणली ताता, पाय ऐकत नाहीत. मी त्यांना सांगती, आजीला बरं वाटंल, तरी ऐकत नाहीत.

काय सांगू तुम्हाला. तीन टाके पडले. टाके घालताना पोरगी रडली नाही, डॉक्टरला विचारत होती हा दोरा कशाचा आहे. मी रडलो. सुजाता लॅबमधनं आली, पोरीला उचललं आन् माझ्याकडं न बघता रिक्षात बसली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी यशूला घेऊन विहारात गेलो. का गेलो मला माहीत नाही, म्हातारीची सवय होती, रविवार चुकवत नव्हती. यशूला शेजारी बसवलं, वंदना सुरू झाली, दोन मिनिटांत पोरगी उठली, परत बसवली, परत उठली. मी दंडाला धरून खाली ओढली. तेवढ्यात मागनं कांताबाईनं माझ्या हातावर टपली मारली. कांताबाई म्हणजे म्हातारीची मैत्रीण, बर्कतपुऱ्याला राहती, तोंडानं फटकळ. वंदना झाल्यावर म्हणली भाऊजी, लेकराला कशाला ओढता. मी म्हणलं आजी होती तव्हा बसत होती की तासभर. कांताबाई हसली. म्हणली कोण बसत होती, ही. ही एक दिवस बसली नाही इथं.

मी म्हणलं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणली कोणत्या डोळ्यांनी, तुम्ही तर त्रिशरणाला डोळे मिटता ते खीर वाटायच्या वेळेला उघडता.

खरं आहे ते. मी पहिल्यापासून डोळे मिटून बसतो. उघडे ठेवले की मला पंखा दिसतो, उशिरा आलेली माणसं दिसतात, मन लागत नाही. सगळी वर्षं मी त्या दोघींच्या शेजारी डोळे मिटून बसलो. डोळे मिटले तव्हा लेकरू आजीच्या मांडीशी, उघडले तव्हा लेकरू आजीच्या मांडीशी, मधी काय झालं मला काय ठाऊक. मंग कांताबाईनं सांगितलं. म्हणली तुमची बाई हिला आधी मेणबत्त्या मोजायला द्यायची, मंग बाहेर पाठवायची, सगळ्यांच्या चपला जोडीनं लाव म्हणून, मंग फुलाचं ताट फिरवायला, मंग पाण्याचे गिलास. संपलं की परत चपला, कोणाचीतरी जोडी मुद्दाम उलटी करून ठेवायची मीच. आन् शेवटी खुणेनं बोलावून मांडीशी घ्यायची. आम्हा बायकांना सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणायची, कांता, ही माझ्या बालवाडीतल्या त्या दोन-चार चळवळ्या पोरांसारखी आहे, रांगायला लागली तव्हापासून मी बघती. मी आहे तव्हर निभतंय. भाऊजी, तुम्हाला सांगितलं नाही तिनं, का तर तुम्ही म्हणाल एक ठेवून दे.

मी तिथंच चपलांशेजारी पायरीवर बसलो. यशू कुंपणावर चढून उतरायली होती, चढायली होती. मला कळलं ते दोन होतं. एक म्हणजे मी डॉक्टरला भलतंच सांगितलं, त्यापायी लेकरानं पाय बांधून घेतले. आन् दुसरं, ते मला जास्त लागलं, असा मी माणूस आहे. ते म्हणजे ही आजीसाठी झुरत नव्हती. ही आधीपासून अशीच होती. म्हणजे झुरणारा मी एकटाच.

दोन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी यशूला शाळेत सोडलं आन् तसाच म्हातारीच्या बालवाडीत गेलो. तिथल्या मोठ्या बाईला विचारलं, आमची यशू तुमच्याकडं होती तव्हा कशी होती. त्या म्हणल्या होती म्हणजे काय, आजीच्या मागं मागं असायची, वर्गात कमी, आम्हीच परवानगी दिली होती, आजी होती म्हणून चाललं. मी म्हणलं हे लिहून द्याल का. त्यांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन मी बसनं दिलसुखनगरला गेलो. कागद नको म्हणून भांडणारा मी, कागद खिशात घालून निघालो.

अपॉइंटमेंट नव्हती. काउंटरवरची पोरगी म्हणली अंकल, आज नंबर नाही. मी म्हणलं मला तपासायचं नाही, मला माझं बोलणं वापस घ्यायचंय. ती हसली, पण आत जाऊन सांगितलं तिनं. दुपारचं जेवण सोडून बाईनं मला बोलावलं.

मी उभ्यानंच बोललो. म्हणलं बाई, मी चूक सांगितलं. पोरगी आधीपासून अशी आहे. मी बघितलं नव्हतं. आन् जेवढं बघितलं होतं तेवढंही मी सांगितलं नाही, कारण मला पाहिजे होतं की तिनं आजीसाठी असं करावं. बाईनं म्हणलं बसा. मी रिबिनीचं सांगितलं. विहाराचं सांगितलं, चपला, मेणबत्त्या, कांताबाई म्हणली ते सगळं. बालवाडीचा कागद दिला. मला वाटलं रागावंल, म्हणंल माझे दोन महिने वाया घातले. तिनं नवा कागद घेतला आन् म्हणली, आजी अजून काय काय करायची, सावकाश सांगा.

मंग मी सांगायला लागलो. अभ्यास कसा घ्यायची, तर पाढे जिन्यावर, एका पायरीला एक, चढताना दोनचा, उतरताना तीनचा. मोठं काम कधी एकदम सांगायची नाही, बूट काढ म्हणायची, काढले की मंग मोजे. बाजारात पिशवीचा एक बंद हिच्या हातात, एक तिच्या. राग आला की हिला पाण्याची कळशी ओतायला लावायची, एका भांड्यातनं दुसऱ्यात. मी बोलत गेलो, बाई लिहीत गेली, मधी विचारायची, हे कोणत्या वयात, ते किती दिवस. मला वाटत होतं मला काहीच ठाऊक नाही, पण कानावर पडलेलं सगळं आत होतं, एकेक निघत गेलं. हिंदी मला मोडकी येती, अडलं की मराठीत बोललो, तिला कळलं का नाही काय माहीत, पण ती थांबवत नव्हती. म्हातारी जाऊन एवढे महिने झाले, ती कशी होती हे मला कोणी पहिल्यांदा विचारलं ते त्या बाईनं. बाहेर आलो तव्हा काउंटरची पोरगी म्हणली अंकल, पाणी पिऊन जा.

घरी आल्यावर सुजाताला सांगितलं, मिलिंदला पण बसवून सांगितलं, फोन बाजूला ठेव म्हणलं. सुजाता ऐकून म्हणली मामा, तुम्ही एकटे गेलात, मला सोबत न्यायचं. एवढंच. मिलिंद म्हणाला, आई मला पण जिन्यावरच पाढे म्हणायला लावायची. ती गेल्यावर आई हा शब्द तव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला मी.

मंग परत दोन बैठका झाल्या, मेडमला फोन केला बाईनं, सुजाताचा फॉर्म परत काढून बघितला, त्यातल्या खुणा बरोबरच होत्या. मार्च संपायच्या आत कागद आला. एडीएचडी आहे म्हणून आहे त्यात. सुजातानं मला सगळा वाचून दाखवला, मराठीत करून करून, मला भीती होती ती, शिक्षण उतरत नाही म्हणणारी ओळ काही आली नाही. उलट लिहिलंय की हिची समज वयापेक्षा चांगली आहे. औषधाचं बाई म्हणली नंतर बघू, लागलं तर देऊ, आधी घरच्यांना शिकवती, तर आता आम्ही तिघं महिन्यातनं दोनदा शिकायला जातो. तिसरीनंतर माझी शाळा आता सुरू झाली.

सगळं सरळ झालं असं समजू नका. यशू तिसरीत गेली, पण कालच पाण्याची बाटली हरवून आली, ह्या महिन्यातली ही कितवी ते मी मोजत नाही. मेडमनं तिला शेवटच्या बाकावर कडेला जागा दिली, उभं राहून लिहिलं तरी चालतं, वह्या वाटायचं काम तिचं. दुसऱ्या एका पोराची आई म्हणली तुमच्या पोरीलाच का लाड, तर मी म्हणलं तुमच्याला पण तपासून आणा, पत्ता देतो. सुजाता म्हणती मामा, तुम्ही शाळेत येत जाऊ नका.

माझं काय, माझे गुडघे गेले, दिवस जातो. लेकरू सुखानं राहावं, तिला तिच्या चालीनं चालू देणारी माणसं भेटावीत, एवढं मागणं आहे. म्हातारीचं दुःख माझं आहे ते मी सांभाळीन, ते सात वर्षांच्या पोरीच्या अंगावर कशाला. पण माणसाचं मन, परवा मी तिला विचारलंच, यशू, तुला आजीची आठवण येती का ग. ती खिडकीच्या गजाला लोंबकळत होती. खरं सांग म्हणलं, नाही म्हणलीस तरी चालतं. तिनं एक झोका घेतला. म्हणली सारखी नाही येत ताता, जेवताना येती. मी म्हणलं मला पण जेवतानाच जास्त येती. ती म्हणली मंग आपण शेजारी बसू, आन् पळाली खेळायला. तव्हापासून बसतो. ती चार घास खाती, उठती, एक चक्कर मारती, परत माझ्याजवळ येऊन बसती.